लसीनंतर खांदा आखडला: भरपाई मागण्याआधी काय करायचं?

प्रश्न: मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. वय ४४. घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, नगावर पैसे मिळतात. आठ महिन्यांपूर्वी कुत्रं चावलं म्हणून जवळच्या खासगी दवाखान्यात रेबीजच्या लसीचे पाच डोस घेतले. तिसऱ्या डोसला सिस्टरनं घाईत, ब्लाउज गळ्याकडून खाली ओढून, उभ्यानंच उजव्या हाताला खूप वर सुई दिली. त्याच रात्री खांदा ठणकायला लागला, तो आजपर्यंत. उरलेले दोन डोस डाव्या हाताला घेतले. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणीसुद्धा मुलगी घालून देते. एमआरआयमध्ये बर्सायटिस आलं. उपचाराला ३८,००० रुपये गेले. आधी दिवसाला ४०० रुपयांचे नग व्हायचे, आता जेमतेम १५० चे होतात. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, "लसीनं असं होत नाही, तुमची साखर बॉर्डरवर आहे, म्हणून खांदा आखडला." ५,००० रुपये घ्या आणि एका कागदावर सही करा, असंही म्हणाले. भाचा म्हणतो, अमेरिकेत याचे लाखो रुपये मिळतात, आपण २५ लाखांचा दावा लावू. मी काय करू? आणि मुलीला एक लस द्यायची आहे, ती देऊ की नको?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट: त्या कागदावर सही करू नका. "माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही, पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" अशा अर्थाचा मजकूर त्यात असणार. सही केलीत की पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल. पैसे घेऊन मिटवण्यात गैर काही नाही, पण तुमचा खांदा किती सुधारणार आहे हे अजून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. अशा वेळी अंतिम आकडा ठरवायचा नसतो. कागदाची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो मात्र मागून घ्या. दवाखान्यानं स्वतःहून पैसे देऊ केले होते, हे दाखवायला तो उपयोगी पडू शकतो.

आता तुमच्या दुखण्याबद्दल. "लसीनं असं होत नाही" हे अर्धंच खरं आहे. लसीतल्या औषधानं खांदा आखडत नाही, पण चुकीच्या जागी गेलेल्या सुईनं आखडतो. याला वैद्यकशास्त्रात नाव आहे: 'शोल्डर इंज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', थोडक्यात 'सिर्व्हा'. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, त्याच्या खाली आणि दंडाच्या वरच्या स्नायूखाली पाण्याच्या चपट्या पिशवीसारखा एक भाग असतो. त्याला बर्सा म्हणतात, आणि त्याच्या दाहाला बर्सायटिस. हात वर-खाली होताना हाडाचं आणि स्नायूंच्या दोरीचं घर्षण होऊ नये, हे त्याचं काम. लस दंडाच्या जाड स्नायूत जायला हवी. सुई वर बसली तर ती थेट बर्सात किंवा सांध्यातच उतरते. शरीराला जागं करायला बनवलेलं औषध तिथं साचलं की तिथंच दाह पेटतो. ही गोष्ट २००७ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लसीचं इंजेक्शन आणि दंडाच्या स्नायूखालचं बर्सायटिस यांचा कार्यकारण संबंध मान्य केला आहे. तेव्हा "असं होतच नाही" हा मुद्दा कुठल्याही ग्राहक आयोगापुढे टिकणारा नाही. तुमच्या बाबतीत ते झालं का, एवढाच खरा वाद राहतो.

तुम्ही लिहिलेल्या दोन तपशिलांत चूक कशी झाली ते दिसतं. बाही खालून वर सारण्याऐवजी ब्लाउज गळ्याकडून ओढला की फक्त खांद्याचा वरचा भाग उघडा पडतो, आणि सुई तिथंच टोचली जाते. त्यात सुई देणारी उभी आणि घेणारी बसलेली असेल तर देणारीचा हात आपोआप वर जातो. बरोबर जागा खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या मधोमध, काखेच्या रेषेच्या वर. सुई कातडीला काटकोनात. एकच गोष्ट पत्रातून कळत नाही: सुई घेताना तुम्ही बसला होता की उभ्या? हे आठवून लिहून ठेवा.

दवाखाना साखरेचा मुद्दा सोडणार नाही. मधुमेह असलेल्यांचा खांदा आपोआप आखडू शकतो, ही गोष्ट खरी आहे, आणि आयोगापुढे तुमच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा बचाव हाच असेल. त्याला उत्तर आहे, पण ते कागदावर हवं. साखरेमुळे आखडणारा खांदा हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे घट्ट होत जातो. सुईमुळे झालेलं दुखणं ४८ तासांच्या आत सुरू होतं, आणि ते ज्या हाताला सुई दिली त्याच हाताला राहतं. एमआरआयमध्येही फरक दिसू शकतो: बर्सात पाणी, दंडाच्या हाडाच्या डोक्याला सूज, स्नायूच्या दोरीला इजा, या खुणा सुईच्या बाजूनं बोलतात, नुसता सांध्याचा पडदा जाड झालेला असेल तर तो आखडलेल्या खांद्याकडे बोट दाखवतो. आणि हेही लक्षात ठेवा की सुईच्या दाहानंतर हात न हलवल्यानं पुढे खांदा आखडूही शकतो. म्हणजे एमआरआयमध्ये दोन्ही खुणा सापडल्या, तरी तुमचा मुद्दा संपत नाही.

म्हणून आता हाडांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा "हे लसीमुळेच झालं असं लिहून द्या" असं म्हणू नका. बहुतेक डॉक्टर बिचकतात आणि काहीच लिहीत नाहीत. त्याऐवजी पाच गोष्टी केसपेपरवर नोंदवायला सांगा. आधी या खांद्याला कधी त्रास होता का. त्रास कोणत्या तारखेला, सुईनंतर किती तासांत सुरू झाला. दुखणं फक्त त्याच खांद्याला आहे का. दोन्ही हात बाजूनं, पुढून आणि मागून किती अंश वर जातात. आणि मानेचा मणका, मार किंवा दुसरा आजार असं वेगळं कारण सापडलं का. हे अंश अंदाजानं लिहू नयेत. गोनिओमीटर नावाच्या साधनानं मोजावेत, तुम्ही स्वतः उचलता तेव्हाचे वेगळे आणि डॉक्टर उचलून देतात तेव्हाचे वेगळे. फिजिओथेरपिस्टनं दर महिन्याला असं मोजलं असेल तर ते कार्ड म्हणजे तुमचा मोठा पुरावा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, फिल्म आणि सीडीही ताब्यात ठेवा. दुसऱ्या बाजूचे डॉक्टर चित्रं स्वतः पाहायला मागतात.

एचबीए१सी ही साखरेची तपासणी करून घ्या आणि जुना रिपोर्ट असेल तर शोधा. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. आकडा उंबरठ्यावरचाच असेल तर दवाखान्याचा बचाव बराच हलका होतो. जास्त निघाला तरी लपवू नका. उलटतपासणीत तो निघणारच, आणि लपवलेली साखर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका आणते.

उपचार मध्येच सोडू नका. दाव्यासाठी दुखणं "टिकवून" ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. फिजिओथेरपी अर्ध्यावर टाकली की समोरचे वकील म्हणतात, रुग्णानंच दुर्लक्ष केलं, आणि भरपाई कमी होते. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर साखर काही दिवस वाढते, तेव्हा घरी किंवा लॅबमध्ये तपासत राहा. हात लाल-गरम होऊन ताप आला, पू दिसला किंवा मनगट लुळं पडलं, बोटांना मुंग्या येऊन ताकद गेली, तर तो वेगळा प्रकार आहे, तातडीनं दाखवायचा. मज्जातंतूची शंका असेल तर नर्व्ह कंडक्शनची तपासणी होते.

या प्रकरणांत दावा जिंकतो किंवा हरतो तो पहिल्या आठवड्यातल्या कागदांवर. तिसरा डोस सातव्या दिवशी, चौथा चौदाव्या दिवशी असतो, म्हणजे मध्ये सातच दिवस. चौथ्याला गेलात तेव्हा "हा हात दुखतोय, तो द्या" असं सिस्टरला म्हणालात ना? तिनं ते केसपेपरवर लिहिलं का, ते पाहा. लिहिलं असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर आजूबाजूचं काही तरी शोधा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचं बिल. ठेकेदाराला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज की हात वर होत नाही, आज नग देता येणार नाहीत. बहिणीला पाठवलेला व्हॉइस मेसेज. हे पुसू नका, मोबाइल विकू नका, बदललाच तर जुना तसाच ठेवा. मोबाइलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकील ते बनवून देतात, फक्त त्यांना आधी सांगा.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे हात कोणता. रेबीजच्या डोसना हात बदलतात, आणि लसीच्या कार्डावर बहुधा तारीख आणि सही असते, उजवा-डावा नसतो. दवाखाना उद्या म्हणेल, तिसरा डोस डाव्या हाताला होता. म्हणून दवाखान्याच्या नोंदी आत्ताच मागा. दोन प्रतीत साधा अर्ज लिहा: केसपेपर, लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, हात, सुई स्नायूत की कातडीत, देणाऱ्याचं नाव आणि पात्रता, यांच्या प्रती द्याव्यात. एका प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. नोंदी तीन वर्षं जपायचा नियम मात्र दाखल झालेल्या रुग्णांसाठी स्पष्ट आहे. बाह्यरुग्णांचे कागद लवकर नाहीसे होतात, म्हणून उशीर नको. लस तुम्ही बाहेरच्या मेडिकलमधून आणून दिली असेल तर त्या बिलावर बॅच क्रमांक असतो, तो जपा. सिस्टर नोकरी सोडून गेली असेल तरी काळजी नको. तिच्या कामाची जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्यावर राहते.

याच काळात लसीनंतरच्या त्रासाची सरकारी नोंद करून घ्या. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, तालुक्यात असता तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. या व्यवस्थेला एईएफआय म्हणतात, आणि खासगीत घेतलेल्या लसीचीही नोंद त्यात होते. रुग्णाला स्वतःही फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं, ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. तपासात कारणांचे वर्ग पाडतात, आणि त्यात 'लसीकरण करतानाची चूक' असा स्वतंत्र वर्ग आहे. तुमची तक्रार तिथं बसते. या नोंदीतून पैसे मिळत नाहीत. पण दवाखान्याशी भांडण सुरू होण्याआधीच तुम्ही हेच सांगत होतात, हे त्यातून दिसतं.

आता भाच्याचा मुद्दा. अमेरिकेत लसीच्या इजेसाठी वेगळा निधी आहे, १९८६ च्या कायद्यानं उभा केलेला, लसीच्या प्रत्येक डोसवरच्या करातून भरलेला. खांद्याची ही इजा २०१७ साली त्यांच्या यादीत आली. त्रास ४८ तासांत सुरू झालेला हवा, परिणाम सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला हवा, अर्ज तीन वर्षांत हवा. मग कोणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. पण रेबीजची लस त्या यादीत नाही. म्हणजे तुमचं प्रकरण तिथंही त्या निधीत बसलं नसतं. आपल्याकडे रेबीज, धनुर्वात यांसारख्या नेहमीच्या लसींसाठी तसा निधी नाही. इथं दवाखान्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी तुमच्या हाताशी असलेला सगळ्यात सोयीचा कायदा म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. अमेरिकेच्या त्या अटी मात्र आपली बाजू तपासायला चांगल्या आहेत: आधी त्रास नव्हता, ४८ तासांत सुरू झाला, त्याच खांद्यापुरता आहे, दुसरं कारण नाही. यातल्या तीन गोष्टी तुमच्याकडे आहेत, चौथी साखरेमुळे वादात आहे.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांथा या निकालात ठरवलं आहे. म्हणून दवाखान्याला पैसे दिल्याचा पुरावा हवा. बिल दिलं नसेल तर यूपीआयची नोंद चालते. तक्रार सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कारण तुम्ही राहताही इथंच. मुदत दोन वर्षं. ती तिसऱ्या डोसच्या तारखेपासूनच मोजा. एमआरआयची किंवा डॉक्टरांशी वाद झाल्याची तारीख धरून निवांत राहू नका. आठ महिने गेले, सोळा उरले. योग्य कारण असेल तर विलंब माफ होतो, पण तो आयोगाच्या मर्जीचा भाग आहे.

शुल्क तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. दवाखान्याला किती मोबदला दिला यावर ठरतं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तुमच्या लसीचे पैसे काही हजारांतलेच असणार, त्यामुळे इथं खर्च नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. सोबत शपथपत्र, घटनाक्रम तारखांसह, बिलं, एमआरआय, फिजिओचं कार्ड, नोंदी मागितल्याचा अर्ज आणि पोच. सामनेवाले म्हणून दवाखाना आणि तिथले डॉक्टर. लस बनवणारी कंपनी ओढू नका. लसीत दोष होता असं तुमचं म्हणणंच नाही, आणि मोठी कंपनी आली की प्रकरण लांबतं. डॉक्टरांकडे व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनीला मात्र सामील करता येतं. एक गोष्ट समजून घ्या: अशा विम्याच्या अटींमुळे डॉक्टरांना विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करता येत नाही. त्यांनी तोंडी माफी मागितली नाही म्हणून मनात राग धरून निर्णय घेऊ नका.

दाव्याआधी वकिलाकरवी नोटीस पाठवा. ग्राहक कायद्यात ती सक्तीची नाही, पण बोलणी तिथूनच सुरू होऊ शकते असं समजून ती नीट लिहून घ्या. शिवीगाळ, "लायसन्स रद्द करू" अशा धमक्या त्यात नकोत.

आयोगात तुम्हाला दाखवायचं काय? साधारण कुशल नर्स किंवा डॉक्टर जी काळजी घेतो ती इथं घेतली गेली नाही, आणि त्यामुळेच इजा झाली. ही कसोटी जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालातून येते. तज्ज्ञ डॉक्टरांचं मत इथं जवळजवळ लागतंच. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात म्हटलं आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची गरज नसते, पण तुमच्याकडे साखरेचा वाद आहे, म्हणून त्या निकालावर विसंबू नका. गावातले डॉक्टर गावातल्या डॉक्टरांविरुद्ध शपथपत्र द्यायला कचरतात. पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या, किंवा आयोगाकडे अर्ज करा की कागद डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवावेत. तुम्ही संमतीपत्रावर सही केली होती, हा मुद्दाही पुढे येईल. संमती लस घेण्याला असते, चुकीच्या जागी सुई देण्याला नसते.

पोलीस ठाण्याच्या वाटेला जाऊ नका. डॉक्टरांवर फौजदारी गुन्ह्यासाठी अत्यंत गंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि त्यातून तुम्हाला भरपाई मिळत नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, तिथं शिस्तभंगाची कारवाई होते, पैसे नाहीत. दोन्हीकडे पळापळ केलीत तर मूळ तक्रार मागे पडते.

रकमेचं बोलू. २५ लाख हा आकडा कुठून आला, हे भाच्याला विचारा. आयोग बेरीज पाहतो. उपचार ३८,०००. कमाईतली घट दिवसाला २५० रुपये, महिन्याला २५ दिवस काम धरलं तर ६,२५०, आठ महिन्यांचे ५०,०००. म्हणजे आजवरचं उघड नुकसान ८८,०००. त्यात रिक्षाचा खर्च, घरकामाला ठेवलेली मदत, पुढचा उपचार, वेदना आणि त्रास, आणि दाव्याचा खर्च. यापलीकडची मोठी रक्कम तेव्हाच उभी राहते, जेव्हा अपंगत्व कायमचं आहे असं ठरतं. तसं ठरलं तर राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालातलं तत्त्व तुमच्या उपयोगी आहे: अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो अपघाताच्या दाव्यातला निकाल आहे, पण तत्त्व इथंही मांडता येतं. उजव्या खांद्याचं दहा टक्के अपंगत्व बसून हिशेब लिहिणाऱ्याला थोडं, तर दिवसभर मशीनवर कापड सरकवणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईला फार. मात्र अपंगत्वाचं प्रमाणपत्र आत्ता घाईनं काढू नका. उपचार पूर्ण होऊन सुधारणा थांबल्यावर सिव्हिलला तपासणी करून घ्या. सुधारत असताना काढलेलं प्रमाणपत्र तात्पुरतं ठरतं.

कमाई दाखवणं हे नगावर काम करणाऱ्यांचं सगळ्यात अवघड काम. पगारपत्रक नसतं, सगळं वहीत. ठेकेदाराची नगाची वही, त्यातली तुमची पानं, इजेच्या आधीच्या सहा महिन्यांची आणि नंतरची, दोन्हीची प्रत घ्या. बँकेत किंवा फोनवर पैसे आले असतील तर त्याचा उतारा काढा. गणवेशाचं काम हंगामी असतं, शाळा सुरू होण्याआधी नग वाढतात. म्हणून एप्रिल-मेची तुलना ऑक्टोबरशी करू नका. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा, नाहीतर समोरचे वकील पहिल्याच प्रश्नात घट हंगामाची असल्याचं दाखवतील. ठेकेदार शपथपत्र द्यायला तयार नसेल तर शेजारी काम करणाऱ्या बाईचं चालतं. घरकामाचंही मोल असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली मान्य केलं आहे, तेव्हा वेणीपासून पाणी भरण्यापर्यंत जे थांबलं ते तक्रारीत लिहा.

कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, वर्षंही लागतात. समोरच्यांनी अपील केलं तर ते राज्य आयोगात ४५ दिवसांत करायचं असतं आणि मंजूर रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. त्यामुळे निकाल चांगला लागला की बोलणीला जोर येतो. आयोग दोन्ही पक्षांच्या संमतीनं प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो. आमचं स्पष्ट मत असं की आजवरचा खर्च, कमाईतली घट, पुढचा उपचार आणि त्रासाचे काही पैसे असे लेखी, एकरकमी आणि आयोगासमोर नोंदवून मिळत असतील तर ते घ्यावेत. त्यासाठी आधी तुमच्या खांद्याची स्थिती स्थिर झालेली हवी, हे पुन्हा सांगतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन क्रमांक १५१००. आधारकार्ड, घटनाक्रमाचं एक पान आणि कागदांच्या झेरॉक्स घेऊन जा. अर्ज दिला म्हणजे दोन वर्षांची मुदत थांबली असं नाही, ती तारीख त्या पानावर सगळ्यात वर लिहा.

तुमच्यासारख्याच कोणाला पूर्णपणे मोफत सरकारी दवाखान्यात इजा झाली असेल तर वाट वेगळी आहे. सगळ्यांनाच फुकट सेवा देणारं रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. तिथं माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून नोंदी मिळवायच्या, दिवाणी दाव्याआधी शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यायची. उच्च न्यायालयात जायचं तर सोलापूरसाठी आता कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, ऑगस्ट २०२५ पासून. शासनाविरुद्ध मुदतीचा हिशेब गुंतागुंतीचा असतो, म्हणून अशा प्रकरणात वर्षाच्या आत वकिलाकडे पोचा. कामगार विमा योजनेच्या रुग्णालयात झालं असेल तर मात्र ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, कारण तिथं कामगाराच्या पगारातून वर्गणी जाते.

मुलीची लस जरूर द्या. तुम्हाला लसीनं दुखावलं नाही, सुईच्या जागेनं दुखावलं. आणि रेबीजच्या बाबतीत तर तुम्ही दुखणं सोसून पाचही डोस पूर्ण केलेत, हे फार योग्य केलंत. तो रोग झाल्यावर माणूस वाचत नाही. सिव्हिलला रेबीजची लस बहुधा कातडीत देतात, दोन्ही दंडांना ०.१ मिली. ती सुई बर्सापर्यंत पोचतच नाही.

मुलीला घेऊन जाल तेव्हा तिला सैल, आखूड बाहीचा कुर्ता घाला, बाही खालून वर सारायची, गळ्याकडून ओढायची नाही. तिला खुर्चीवर बसवा, सिस्टरलाही बसायला सांगा. तिनं हात कमरेवर ठेवावा, म्हणजे स्नायू सैल राहतो. सुई टोचण्याआधी खांद्याच्या टोकाखाली बोटं मोजून दाखवायला सांगा. चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही. नंतर कार्डावर तारखेशेजारी 'डावा' किंवा 'उजवा' लिहून घ्या. एक-दोन दिवस दंड दुखणं नेहमीचं आहे. तिसऱ्या दिवशीही हात वर होत नसेल तर त्याच दिवशी दाखवा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.